तीन पायऱ्या, अठरा फूट

मुलुंडच्या आमच्या इमारतीत शिरायला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. प्रत्येक सहा इंचांची. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून जोतं उंच ठेवलंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हापासून या पायऱ्यांबद्दल कुणी कुरकुरत नाही. पायऱ्यांच्या कडेला सहा फुटांचा एक घसरगुंडीवजा उतार होता. सगळे त्याला रॅम्प म्हणायचे. वॉचमन त्यावरून स्कूटर चढवायचा, तीही धावत.

पक्षाघातानंतर शेजारच्या काकूंना व्हीलचेअर आली आणि त्या ‘रॅम्प’ची परीक्षा झाली. दोघांनी खुर्ची रेटली, अर्ध्यावर पुढची चाकं उचलली गेली, काकू किंचाळल्या. मग खुर्ची उचलूनच वर नेली.

सहा फुटांत अठरा इंच म्हणजे चारास एक चढ, सुमारे १४ अंश. काकू आणि खुर्ची मिळून ८० किलो धरा. एवढा भार या उतारावर नुसता धरून ठेवायलाच साडेएकोणीस किलोंचा जोर लागतो. बारास एक उतारावर तोच आकडा साडेसहाच्या आसपास येतो. वर पोचायला लागणारं एकूण काम मात्र दोन्हीकडे सारखंच. लांब उतार ते काम कमी करत नाही, हप्त्यांत फेडू देतो.

चाकं का उचलली गेली, ते जास्त महत्त्वाचं. बसलेल्या माणसासकट खुर्चीचा गुरुत्वमध्य मागच्या चाकांच्या आसाच्या थोडा पुढे असतो. समजा तो आसाच्या चार इंच पुढे आणि जमिनीपासून बावीस इंच वर आहे. खुर्ची चढावर तिरपी होते तसा हा बिंदू मागे सरकतो आणि दहा अंशांच्या जरा पुढे तो मागची चाकं जिथे टेकतात त्या जागेच्याही मागे जातो. मग खुर्ची उलटणारच. शिवाय बसलेल्या माणसाने हाताने चाक पुढे ढकललं की सांगाडा उलट मागे रेटला जातो, म्हणजे प्रत्यक्षात धोका त्याआधीच सुरू होतो. बारास एक हा कोन पाच अंशांच्याही आत राहतो. भारतात २०२१ ला निघालेल्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही यापेक्षा तीव्र रॅम्प नको असंच सांगितलंय.

मुंबईचे मिस्त्री अजून फूट-इंचांत बोलतात, त्यामुळे हा हिशोब तोंडी होतो: जेवढे इंच चढायचे, तेवढे फूट लांबी. अठरा इंच, अठरा फूट. वर-खाली खुर्ची वळवायला पाच-पाच फुटांची सपाट जागा वेगळी. जनरल बॉडीत हा आकडा ऐकल्यावर पहिला प्रश्न आला, ‘म्हणजे एक पार्किंग जाणार?’ जाणार. थोडं कमी करून पंधरा फुटांत बसवा, अशीही सूचना आली. भाजी घेताना ठीक आहे, इथे नाही. शेवटी भिंतीलगत नऊ-नऊ फुटांचे दोन तुकडे आणि मध्ये काटकोनात वळायला सपाट चौक, असं जमलं.

लेव्हल घ्यायला मिस्त्रीने पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणली. एक टोक वरच्या पायरीला, दुसरं गेटजवळ. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला स्थिरावतं, तिथे पेन्सिलीची खूण. लेझरची गरज पडली नाही.

पृष्ठभागावरून वाद झाला. कमिटीला पॉलिश केलेला ग्रॅनाइट हवा होता. जूनमध्ये त्यावर पाण्याचा पातळ थर साचला की चाकाचं रबर आणि दगड यांची गाठच पडत नाही. आम्ही काँक्रीटच ठेवलं आणि ओलं असतानाच त्यावर आडवा खराटा ओढून घेतला. कडेला चार इंचांचा काठ केला, चाक बाहेर घसरू नये म्हणून. दोन्ही बाजूंना दोन उंचींवर कठडे आहेत, ७६ आणि ९० सेंटिमीटर. खालचा बसलेल्यांसाठी, वरचा गुडघे धरून चालणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी.

चूक झाली ती अगदी शेवटी, तळाशी. रॅम्प जिथे आवारातल्या लादीला मिळतो तिथे पाऊण इंचाचा ओठ राहिला. एवढ्याने काय होतंय, असं मलाही वाटलं. पण खुर्चीची पुढची चाकं सहा इंची असतात. एवढ्या छोट्या चाकाला पाऊण इंच चढवायचं तर त्याच्यावर जेवढा भार आहे त्याच्या नव्वद टक्के आडवा जोर लागतो. मागच्या चोवीस इंची चाकाला चाळीस टक्केही लागत नाही. म्हणून मागून ढकलणाऱ्याला जी फट वाटते, ती पुढच्या चाकांना भिंत असते. खुर्ची थबकते आणि माणूस पुढे फेकला जातो. मुंबईत रस्ता दर दोन-चार वर्षांनी उकरला जातो आणि नवा थर पडतो, त्यामुळे असे ओठ जन्माला येतच राहतात. मिस्त्रीने तेवढा भाग फोडून सलग उतरता केला. मग बादलीभर पाणी ओतून बघितलं, कोपऱ्यात डबकं साचलं, पुन्हा फोडलं.

काकू आता एका नातवाच्या मदतीने वर येतात, चौकात थांबून पोस्टमनशी बोलतात. तळाशी स्कूटर लावणाऱ्यांचा बंदोबस्त तेवढा बाकी आहे.