वाहनविषयक गुन्हे (मुंबई)

वाहनविषयक गुन्हे : मोटारवाहनाची चोरी, वाहनाच्या ओळखचिन्हांत केलेला फेरफार, बेदरकार किंवा मद्यधुंद वाहनचालन आणि त्यातून होणारी दुखापत वा मृत्यू, या कृत्यांना व्यवहारात मिळून दिलेले नाव. ही संज्ञा कायद्यातली नाही. मुंबईत अशी प्रकरणे प्रामुख्याने मोटारवाहन अधिनियम, 1988 (अंमल 1 जुलै 1989 पासून) आणि भारतीय न्याय संहिता, 2023 (अंमल 1 जुलै 2024 पासून) यांखाली चालतात. 1 जुलै 2024 पूर्वी घडलेल्या कृत्यांना 1860 ची दंड संहिताच लागू राहिल्याने न्यायालयांत सध्या जुने आणि नवे कलमक्रमांक शेजारी शेजारी ऐकू येतात.

पूर्वपीठिका : मुंबईत मोटार 1898 च्या सुमारास आली, असे सर्वसाधारणपणे मानतात. मोटारींसाठीचा पहिला अखिल भारतीय कायदा 1914 चा, त्यानंतरचा 1939 चा. बेदरकार वाहन हाकण्याचा गुन्हा मात्र मोटारीहून जुना आहे. 1860 च्या संहितेतील कलम 279 लिहिले गेले तेव्हा रस्त्यावर घोडागाड्या, बैलगाड्या आणि घोडेस्वार होते. म्हणून त्यात वाहन हाकणाऱ्याबरोबर स्वारी करणाऱ्याचाही उल्लेख आहे. हयगयीने मृत्यू घडवण्याचे कलम या संहितेच्या 1837 च्या मसुद्यात होते, 1860 च्या संहितेतून ते गळले आणि 1870 मध्ये 304-अ म्हणून परत आले. ते का गळले याविषयी एकमत नाही. काही भाष्यकार नजरचूक मानतात, काही ते हेतुपुरस्सर वगळले असे धरतात. मसुद्यात तरतूद स्पष्ट होती हे पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. या कलमातील दोन वर्षांची कमाल शिक्षा पुढे दीडशेहून अधिक वर्षे तशीच राहिली. न्याय संहितेच्या कलम 106(1) ने ती पाच वर्षांवर नेली.

चोरी : वाहनचोरीच्या फिर्यादीची भाषा ठरलेली असते. ‘कोणीतरी अज्ञात इसमाने फिर्यादीच्या संमतीवाचून, लबाडीच्या इराद्याने’ वाहन चोरून नेले, असे त्यात हटकून येते. पूर्वी दंड संहितेच्या कलम 379 खाली आणि आता न्याय संहितेच्या 303(2) खाली तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होतात. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला कलम 317 (जुने 411) लागते.

या फिर्यादीतला कळीचा शब्द ‘लबाडी’ हा आहे. परक्याची मोटारसायकल रात्रीपुरती फिरवून सकाळी जागेवर आणून ठेवली, तर ती चोरी ठरते का? इंग्लंडच्या कायद्यात मालकाला वस्तूपासून कायमचे वंचित करण्याचा हेतू लागतो. भारतीय कायद्यात तो लागत नाही. याचे मूळ उदाहरण मोटारीचे नसून विमानाचे आहे. मे 1952 मध्ये जोधपूरच्या हवाई दल अकादमीतील एक छात्र आणि तिथून नुकताच काढून टाकलेला दुसरा छात्र यांनी परवानगी नसलेले हार्वर्ड विमान उडवून नेले आणि ते पाकिस्तानात उतरले. के. एन. मेहरा विरुद्ध राजस्थान राज्य (1957) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की वस्तू तात्पुरती नेली तरी दुसऱ्याचे गैरवाजवी नुकसान किंवा स्वतःचा गैरवाजवी लाभ हा हेतू असेल, तर ती चोरीच.

मग मोटारवाहन अधिनियमातील कलम 197 कशासाठी उरते, असा प्रश्न पडतो. मालकाच्या संमतीशिवाय किंवा अन्य कायदेशीर अधिकाराशिवाय वाहन नेऊन चालवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड (2019 च्या सुधारणेनंतर पाच हजार रुपये) किंवा दोन्ही असे ते सांगते. आपल्याला कायदेशीर अधिकार आहे, किंवा विचारले असते तर मालकाची संमती मिळाली असती, असे वाजवी कारणाने वाटून वाहन नेणाऱ्याला त्यात बचाव आहे. दोन्ही कलमांच्या सीमेवरची जागा अरुंद आहे. शेजाऱ्याची चावी घेऊन गेलेला तरुण आणि हॅण्डल लॉक तोडणारा सराईत यांच्यातला फरक मनातल्या इराद्याचा असतो, आणि तो इरादा चावी कुठून आली, नंबरप्लेट बदलली का, गाडी कुठे सापडली यांवरूनच काढावा लागतो. तपास अधिकाऱ्याने पंचनाम्यात तुटलेल्या लॉकची नोंद नीट केली नाही, तर पुढे न्यायालयात हा फरक दाखवायला काही उरत नाही.

नव्या संहितेने एक वेगळा वाद आणला. कलम 305(ब) प्रमाणे ‘माल किंवा प्रवासी वाहून नेण्यासाठी वापरलेल्या’ वाहतूक साधनाच्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. टॅक्सी, रिक्षा, टेम्पो यांना ते लागू पडते यात शंका नाही. खाजगी स्कूटरवरही मागे प्रवासी बसतोच, असा व्यापक अर्थ मांडता येतो. तो शब्दांना धरून असला तरी ताणलेला वाटतो. रोजीरोटीचे वाहन चोरणे हा अधिक गंभीर गुन्हा आहे, ही कलमामागची भूमिका दिसते आणि ती रास्त आहे. हप्ते न फिटलेली रिक्षा गेली, तर घराची मिळकत त्याच सकाळी थांबते.

ओळखचिन्हे : वाहनाची खरी ओळख नंबरप्लेट नसून इंजिन क्रमांक आणि चेसी क्रमांक ही आहे. चेसी क्रमांक सतरा अक्षरांकांचा असतो. 1 आणि 0 यांच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरे वापरत नाहीत. चोरीच्या गाडीवरचा क्रमांक कानशीने घासून त्यावर नवा ठोकणे ही जुनी पद्धत. मात्र क्रमांक ठोकताना पृष्ठभागाखालचा धातूही दाबला जातो आणि तो दाब घासून जात नाही. न्यायसहायक प्रयोगशाळेत (मुंबईत ती कलिना येथे आहे) तो भाग पॉलिश कागदाने आरशासारखा करतात आणि पोलादावर कॉपर क्लोराइड व हायड्रोक्लोरिक आम्लाचे द्रावण कापसाच्या बोळ्याने फिरवतात. दाबलेला धातू वेगळ्या गतीने झिजतो, आणि खोडलेले आकडे अंधुक करड्या रेषांत वर येतात. ते टिकतीलच असे नाही. म्हणून लगेच छायाचित्र घेतात, आणि तेच पुरावा म्हणून उभे राहते.

दुसऱ्याच्या वाहनाचा क्रमांक आपल्या गाडीवर लावण्याचे प्रकार मुंबईत 2016 पासून, म्हणजे कॅमेऱ्यांवर आधारित ई-चलान सुरू झाल्यापासून, अधिक उघड होऊ लागले. न केलेल्या नियमभंगाचे चलान मोबाइलवर येते, तेव्हा खऱ्या मालकाला आपल्या क्रमांकाची दुसरी गाडी रस्त्यावर असल्याचे कळते. जानेवारी 2025 मध्ये कुलाब्यात ताज हॉटेलच्या परिसरात एकाच क्रमांकाच्या दोन मोटारी समोरासमोर सापडल्या. अशा प्रकरणी फसवणूक व बनावटीकरणाची कलमे लागतात. 1 एप्रिल 2019 पासून नव्या वाहनांना बंधनकारक असलेल्या उच्चसुरक्षा नंबरप्लेटवर अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक आणि एकदा बसवल्यावर मोडल्याशिवाय न निघणारे स्नॅप लॉक असते.

मुंबईत चोरीच्या किंवा बेवारस वाहनाकडे केवळ मालमत्तेचा प्रश्न म्हणून पाहता येत नाही. 12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांचा तपास वरळीत सोडून दिलेल्या शस्त्रे भरलेल्या मारुती व्हॅनपासून पुढे सरकला. जुलै 2008 च्या अहमदाबाद स्फोटांत नवी मुंबईतून चोरलेल्या मोटारी वापरल्या गेल्या होत्या.

मुद्देमाल आणि विमा : सापडलेले वाहन मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात उभे राहते. सीटमधून गवत आलेल्या, टाक्या गंजलेल्या मोटारसायकलींच्या रांगा बहुतेक ठाण्यांबाहेर पाहायला मिळतात. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य (2002) या निकालाने सविस्तर पंचनामा, छायाचित्रे आणि बंधपत्र घेऊन वाहन लवकर मालकाला द्यावे, असे सांगितले आहे. अर्ज आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, कलम 497 खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 451) करावा लागतो. तो करता येतो हे कोणी न सांगितल्यामुळे कितीतरी मालक खटला संपण्याची वाट पाहत राहतात आणि शेवटी भंगार ताब्यात घेतात.

वाहन सापडलेच नाही, तर पोलीस तपास बंद करण्याचा अहवाल देऊन दंडाधिकाऱ्याकडे ‘अ समरी’ मागतात. तिचा अर्थ गुन्हा खरा, पण आरोपीचा शोध लागला नाही. (‘ब समरी’ खोट्या फिर्यादीला असते.) विमा कंपनी भरपाईसाठी हा अहवाल मागते. फिर्याद ताबडतोब दिलेली असेल, तर विमा कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठाने जानेवारी 2020 मध्ये ठरवले.

बेदरकार चालन व मृत्यू : ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात चालवून’ या शब्दांत गुन्हा नोंदला जातो. सार्वजनिक रस्त्यावर नुसते असे चालवण्याला न्याय संहितेच्या कलम 281 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि मृत्यू झाल्यास 106(1) खाली पाच वर्षांपर्यंत कैद व दंड. हे दोन्ही गुन्हे जामीनपात्र आहेत. मृत्यू घडू शकेल याची चालकाला जाणीव होती असे दिसल्यास कलम 105 (जुने 304, भाग दोन) लागते. त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे आणि खटला सत्र न्यायालयात चालतो. त्यामुळे मुंबईतील मोठ्या अपघातांत पहिला झगडा कलम कोणते लावायचे याचाच होतो.

यातील मार्गदर्शक प्रकरण वांद्र्याच्या कार्टर रोडचे आहे. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे एक मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात जण मृत्यू पावले आणि आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात 0.112 टक्के मद्यार्क आढळला. सत्र न्यायालयाने 304-अ खाली सहा महिन्यांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने 2007 मध्ये भाग दोनखाली दोषी धरून तीन वर्षांची, आणि 12 जानेवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या रस्त्यावर माणसे झोपतात हे चालकाला ठाऊक होते, म्हणून जाणीव सिद्ध होते, हा युक्तिवाद त्यात मान्य झाला. सात मृत्यूंना तीन वर्षे ही शिक्षा अपुरी असल्याचे न्यायालयानेही सूचित केले. पदपथावर झोपणाऱ्याच्या जिवाचे मोल कायद्यात काय, हा प्रश्न या निकालाने ठळक केला.

अपघातानंतर पोलीस किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारे 106(2) हे कलम, जानेवारी 2024 मधील वाहतूकदारांच्या आंदोलनानंतर, संहितेबरोबर अंमलात आणले गेले नाही. अज्ञात वाहनाच्या धडकेत मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख आणि गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपये मिळतात. वाहन ओळखता आल्यास भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे लागते, आणि 1 एप्रिल 2022 पासून त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे.

मद्यपान व इतर नियमभंग : शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असल्यास मोटारवाहन अधिनियमाच्या कलम 185 प्रमाणे पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. मुंबई वाहतूक पोलिसांची याविरुद्धची नाकाबंदी 2007 पासून नियमित झाली. परवान्याशिवाय चालवणे (कलम 181, दंड पाच हजार) आणि विम्याशिवाय चालवणे (कलम 196, प्रथम दोन हजार) हे नेहमीचे. अल्पवयीनाने गुन्हा केल्यास कलम 199-अ पालकाला किंवा मालकाला जबाबदार धरते : तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.