सिलिंडरचा नंबर की केरॅटोकोनस?

"चष्मो तीनदा बदललो, तरी अक्षर फाटल्यासारखाच दिसता." कुडाळ बाजूचा अकरावीतला मुलगा. तिन्ही चष्मे त्याने माझ्या टेबलावर मांडले. उजव्या डोळ्याचा सिलिंडर आधी दोन, मग साडेतीन, मग पाच. ॲक्सिस, म्हणजे तो नंबर काचेत ज्या कोनात बसवतात तो, तोही दर वेळी वेगळा. घरच्यांचा समज एकच, मोबाइल फार बघतो.

सिलिंडरचा नंबर बऱ्याच जणांना असतो आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, चेंडूसारखी गोल असायच्या ऐवजी आडव्या ठेवलेल्या अंड्यासारखी असते, एका दिशेने जास्त वळलेली. ही वक्रता नियमित असल्यामुळे चष्म्याची काच तिचा हिशोब चुकता करते. नंबर मोठा असला तरी चष्मा लावला की बहुधा शेवटची ओळ वाचता येते, आणि वर्षानुवर्षं त्यात फार फरक पडत नाही.

केरॅटोकोनस या आजारात कॉर्निया पातळ होत जातो. निरोगी कॉर्निया मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. तो झिजला की डोळ्याच्या आतल्या दाबाने पुढे येतो, बहुतेकदा मध्याच्या थोडा खाली. चाकावरच्या ओल्या मडक्याला आतून बोट लागावं तसा फुगवटा. या वेड्यावाकड्या आकाराला चष्म्याची काच पुरी पडत नाही, म्हणून दिव्याभोवती शेपट्या दिसतात, एका अक्षराची दोन-तीन होतात. सुरुवात बहुधा वयात येताना होते, आणि तिशी-चाळिशीत आजार सहसा आपोआप थंडावतो. मधली वर्षं महत्त्वाची.

कागदावर मात्र दोन्हींचा नंबर सारखाच दिसतो. घोटाळा इथेच होतो. ओळखायला पहिल्या पायरीवर महागडं मशीन लागत नाही. रेटिनोस्कोप या हातातल्या साध्या उपकरणाचा उजेड बाहुलीत टाकून हलवला की साध्या सिलिंडरमध्ये एक पट्टी सरळ सरकते. केरॅटोकोनसमध्ये दोन पट्ट्या अडकित्त्याच्या पात्यांसारख्या उघडमीट करतात. चष्म्याने न दिसलेली ओळ बारीक छिद्रातून दिसते, हीसुद्धा खूण. त्या मुलाच्या डोळ्यात अडकित्ता स्पष्ट होता. बोलता बोलता तो बोटाच्या पेरांनी डोळे चोळत होता, लहानपणापासूनची खाज. ॲलर्जी आणि डोळे चोळण्याचा या आजाराशी जवळचा संबंध आहे. आमच्याकडे 'चोळू नको' हे नजर लागू नये म्हणतात तितक्याच सहज सांगितलं जातं आणि तितक्याच सहज विसरलं जातं.

उपचारांतही लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. सी-थ्री-आर हा केरॅटोकोनस थांबवायचा उपचार, नंबर घालवायचं लेसर नव्हे. कॉर्नियाची वरची नाजूक साल काढून रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे, पिवळे थेंब मुरवतात आणि त्यावर अतिनील प्रकाश सोडतात. मूळ पद्धतीत तो अर्धा तास. त्याने आतले धागे एकमेकांना बांधले जातात. आजार बहुतेकांत थांबतो, चष्मा राहतोच. उलट नंबर घालवणारं लेसर कॉर्निया आणखी पातळ करतं, म्हणून केरॅटोकोनसवाल्याने त्याच्या वाटेला जाऊच नये. सी-थ्री-आरचे रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये छापले. अमेरिकेत औषध नियामकांची परवानगी २०१६ मध्ये मिळाली. नेदरलँड्स आणि नॉर्वेमध्ये ही पद्धत रुळल्यावर केरॅटोकोनससाठी कॉर्निया बदलण्याच्या शस्त्रक्रिया बऱ्याच कमी झाल्या.

पण मूळ पद्धतीला साल काढल्यावर किमान ४०० मायक्रॉन जाडी हवी. उशीर झाला की कडक किंवा स्क्लेरल, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी, कॉन्टॅक्ट लेन्स, आणि तेही न जमल्यास दात्याचा कॉर्निया. लेन्स विहिरीच्या पाण्याने धुवायची नाही, हे मी मासेमारीच्या होडीवर जाणाऱ्या पोरांना तीन-तीनदा सांगतो. कॉर्निया बदलला तर टाके, थेंब, वर्षभराच्या फेऱ्या.

उशीर कुणाचा होतो? अमेरिकेतल्या अभ्यासात कृष्णवर्णीय आणि सरकारी विम्यावरचे रुग्ण आजार वाढल्यावरच डॉक्टरांपर्यंत पोचताना दिसले. आपल्याकडे मी आकडा देणार नाही, रस्ता दाखवतो. कॉर्नियाचा नकाशा, म्हणजे त्याच्या वक्रतेची मशीनवरची तपासणी, काढायला माझी माणसं घाट चढून कोल्हापूरला, नाहीतर गोव्याला किंवा रात्रीच्या गाडीने मुंबईला जातात. पहिली फेरी होते. पण आजार खरंच वाढतोय का हे बघायला डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा बोलावतात, आणि ती दुसरी फेरी बुडते: काजूचा हंगाम, बापाचा रोज, परीक्षा. ज्याचा मामा ठाण्यात राहतो तो जातो. गावात डोळ्यांचं शिबिर लागतं ते बहुतेक मोतीबिंदूचं, आजोबांसाठी. सोळा वर्षांचा नातू त्यांना हाताला धरून आणतो आणि बाकड्यावर बसून राहतो. माझं मत विचाराल तर लांबून आलेल्या कोवळ्या वयाच्या मुलात 'वाट बघू' हा सल्ला जपून द्यावा.

त्या मुलाचं सी-थ्री-आर वेळेत झालं. परत आल्यावर आईने पहिलं विचारलं, "नंबर गेलो मां?" नाही गेला, थांबलाय, एवढंच सांगितलं. सोबत धाकटा आला होता, डोळे चोळत. आजार एकाच घरात दोघांना असू शकतो, म्हणून त्यालाही खुर्चीत बसवलं. पट्टी सरळ सरकली. वहीत सहा महिन्यांनंतरची तारीख टाकली, शिमग्याच्या सुट्टीतली, म्हणजे शाळा बुडणार नाही.