गाडीतली वाळू: ओढण्याआधी सोडवणे

समुद्रकिनाऱ्यावरून परतलेल्या गाडीत व्हॅक्यूम क्लीनर भरपूर वेळ फिरवला, तरी दोन दिवसांनी पायाखाली पुन्हा वाळू करकरू लागते आणि दोष बहुधा यंत्राच्या ताकदीला दिला जातो. वास्तविक वाळू उचलायला फार जोराची हवा लागत नाही. पाव मिलिमीटर व्यासाचा कण शांत हवेत सेकंदाला सुमारे दोन मीटर वेगाने खाली येतो; तेवढ्याहून अधिक वेगाने वर जाणारा झोत त्याला सहज वाहून नेतो आणि साध्या घरगुती व्हॅक्यूमच्या नळीतही हवा याच्या कितीतरी पट वेगाने वाहत असते. मोकळा कण निघतोच. खरे काम आहे ते कण मोकळा करण्याचे.

भूशास्त्राच्या व्याख्येनुसार वाळूचा कण साधारण ०.०६ ते २ मिलिमीटर मापाचा असतो. गाडीतल्या कार्पेटच्या उभ्या तंतूंमधल्या फटींत शिरायला हे माप अगदी सोयीचे आहे. पायाचा दाब आणि गाडीचे हादरे यांमुळे कण प्रत्येक वेळी थोडा खाली सरकतो, आणि त्याच्यावर तंतू पुन्हा मिटल्यामुळे त्याला वर येण्याची वाट उरत नाही. कणांच्या मिश्रणाला हादरे बसले की मोठ्या कणांमधल्या पोकळ्यांतून बारीक कण तळाकडे झिरपतात, म्हणून कार्पेटच्या बुडाशी सापडते ती बहुतेक बारीक वाळू.

वाळू ओली असेल तर गुंता वाढतो. कण आणि तंतू यांच्यामध्ये पाण्याचा सूक्ष्म पूल तयार होतो आणि पृष्ठताणामुळे तो दोघांना एकत्र खेचून धरतो. हे बल कणाच्या व्यासाच्या प्रमाणात वाढते, तर कणाचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात. त्यामुळे कण जितका लहान, तितकी वजनाच्या तुलनेत ही पकड मोठी. पाव मिलिमीटरचा कण गोल आणि गुळगुळीत मानून हिशेब केला, तर ती वजनाच्या दोनशेपटींहून जास्त भरते. प्रत्यक्षातले कण खडबडीत असल्याने ती बरीच कमी होते, पण हाताने झटकून न सुटण्याइतकी उरतेच. त्यातच समुद्राच्या वाळूला मीठ लागलेले असते. साधे मीठ सुमारे ७५ टक्क्यांहून अधिक सापेक्ष आर्द्रतेत हवेतले पाणी ओढून विरघळू लागते, आणि समुद्राच्या पाण्यात असणारे मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून पुष्कळ कोरड्या हवेतही. म्हणून अशी वाळू वाळल्यासारखी वाटली तरी दमट हवेत पुन्हा चिकटते. सफाईची घाई करण्यापेक्षा दारे उघडून गाडी उन्हात ठेवणे, किंवा एसी चालवून आतली हवा कोरडी करणे, हा वेळेचा उत्तम उपयोग आहे. पाणी किंवा शाम्पूने सुरुवात करणे म्हणजे सुटू पाहणारे कण पुन्हा बांधून ठेवणे होय.

कोरडे कण कशाने हलतात, याचा धडा वाळवंटातून मिळतो. लिबियाच्या वाळवंटात मोटारी घेऊन फिरलेले ब्रिटिश लष्करी अभियंते राल्फ बॅग्नॉल्ड यांनी १९३० च्या दशकात वातबोगद्यात वाळूवर प्रयोग केले. स्थिर कणांना प्रथम हलवण्यासाठी वाऱ्याचा जो वेग लागतो, त्याहून कमी वेगातही एकदा सुरू झालेली हालचाल टिकते, कारण उडालेला कण खाली पडताना इतर कणांना धक्का देऊन मोकळे करतो, असे त्यांना आढळले. गाडीतही हाच धक्का उपयोगी पडतो. एका हाताने कार्पेटवर ब्रशच्या मुठीने ठोकत राहावे आणि दुसऱ्या हाताने नळीचे अरुंद तोंड तिथेच धरावे. नुसते ओढत राहण्यापेक्षा यात वाळू किती जास्त निघते, ते लगेच कळते. सुट्या मॅट अर्थातच बाहेर काढून उलट बाजूने बडवाव्यात.

नळी किती जवळ धरायची, हेही महत्त्वाचे आहे. शोषली जाणारी हवा सर्व दिशांनी तोंडाकडे येत असल्याने तोंडापासून एका व्यासाइतक्या अंतरावरच तिचा वेग दहा टक्क्यांच्या खाली घसरतो. मात्र तोंड कार्पेटवर पूर्ण दाबले तर हवेला आत यायला वाटच राहत नाही, आणि कण वाहून नेते ती वाहती हवा. तेव्हा तोंड किंचित तिरके ठेवावे. उलट फुंकलेला झोत लांबवर टिकतो, आणि म्हणूनच ब्लोअर वापरण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा, कारण त्याने उडालेले कण सीटबेल्टच्या बक्कलमध्ये, बटणांच्या फटींत आणि सीटच्या रुळांमध्ये जाऊन बसतात. रुळांवर वाळू असताना तेल घालू नये. तेल आणि वाळू मिळून घासकामाचा लेपच तयार होतो. सीटखाली हात घालताना तिथल्या वायर आणि जोडण्या ओढल्या जाणार नाहीत याची काळजी घ्यावी; त्यांतल्या काही एअरबॅगच्या यंत्रणेच्या असतात.

डॅशबोर्ड आणि स्क्रीन दिसायला सर्वांत सोपे, पण नुकसान तिथेच चटकन होते. बहुतेक वाळूत असणाऱ्या क्वार्ट्झ या खनिजाचे काठिन्य १ ते १० अशा मोह्स मापनश्रेणीवर ७ आहे, सामान्य काचेचे साधारण साडेपाच, आणि प्लॅस्टिक तर याहून खूपच मऊ. अशा पृष्ठभागावर फडके फिरवले की प्रत्येक कण रेघ ओढत जातो. आधी मऊ केसांच्या ब्रशने, जवळ व्हॅक्यूम धरून, कण न दाबता उचलावेत. सारी वाळू निघाल्यावर मागे राहिलेले मीठ पिळलेल्या ओलसर फडक्याने पुसून घ्यावे आणि लगेच कोरडे करावे.