'आराम करा' पासून 'चालायला लागा' पर्यंत: कॅन्सर पेशंटच्या व्यायामाची पार्श्वभूमी

कॅन्सर झालाय म्हटलं की आपल्या घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, आता कशाला हात लावायचा नाही, पडून राहायचं. सगळे प्रेमानेच म्हणतात. माझ्या मावशीचं ब्रेस्टचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही तिच्या हातातला पाण्याचा तांब्यासुद्धा काढून घ्यायचो, आणि तीनेक आठवड्यांनी लक्षात आलं की तिचा डावा हात खांद्याच्या वर जातच नाहीये, वेणी घालायला दुसरं कोणीतरी लागतंय. मग फिजिओने भिंतीवर बोटं चालवायला सांगितली, मुंगी चढते तशी हळूहळू वर, आणि जिथपर्यंत बोट पोचेल तिथे पेन्सिलने रेघ मारायची. त्या रेघा स्वयंपाकघराच्या दाराशेजारी बरेच दिवस होत्या. तेव्हापासून मला प्रश्न पडलेला की हे पडून राहण्याचं खूळ आलं कुठून आणि बदललं कोणी.

तर सुरुवात जाते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला. अमेरिकेत बाल्टिमोरला हॉलस्टेड नावाचे सर्जन ब्रेस्ट कॅन्सरचं जे ऑपरेशन करायचे त्यात स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी (लिम्फ नोड्स, कॅन्सरच्या नव्हे, शरीरात मुळातच असणाऱ्या) पण काढून टाकायचे. हीच पद्धत पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षं जगभर चालली. बाई वाचली तरी हात आखडायचा, आणि काखेतल्या गाठी गेल्यामुळे हातातलं पाणी वर वाहून जायला वाट उरायची नाही, त्यामुळे हात सुजायचा. यालाच लिम्फेडेमा म्हणतात. मग सल्ला काय, तर त्या हाताने काही उचलू नका, बादली नको, पिशवी नको, मूल पण कडेवर घेऊ नका. किमो आली तशी थकव्याची भर पडली, आणि थकवा आला की झोपा हे इतकं सरळ वाटतं की त्यावर कोणी शंकाच घेतली नाही.

पहिला धक्का दिला तो एका पेशंट बाईने. 1952 साली न्यूयॉर्कमध्ये टेरेस लॅसर यांचं हेच ऑपरेशन झालं, आणि घरी गेल्यावर काय करायचं, हात कसा हलवायचा हे सांगायला कोणीच नव्हतं. मग बऱ्या झाल्यावर त्या स्वतःच हॉस्पिटलमध्ये जाऊन दुसऱ्या बायकांना भेटायला लागल्या, सोबत रबरी चेंडू आणि दोरी घेऊन, चेंडू दाबायचा, दोरी दारावरून टाकून हात वर ओढायचा. काही सर्जनना हे अजिबात आवडलं नव्हतं. पण काम वाढत गेलं, त्याला रीच टू रिकव्हरी नाव पडलं आणि 1969 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपल्याकडे घेतलं. मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की सांगणारी बाई त्यातून गेलेली होती.

नंतर नर्सिंगवाल्या आल्या. 1980 च्या दशकात ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत मेरिल विनिंगहॅम आणि मेरी मॅकव्हिकर यांनी किमो चालू असलेल्या बायकांना चक्क व्यायामाच्या सायकलवर बसवलं, आठवड्यातून तीनदा, दहा आठवडे. त्या काळात किमोत सायकल म्हणजे लोकांना वेडेपणा वाटला असणार! 1989 च्या त्यांच्या पेपरमध्ये 45 बायका होत्या आणि सायकल चालवणाऱ्यांचा दम वाढलेला दिसला. कारण साधं आहे, पडून राहिलं की स्नायू झडतात, स्नायू झडले की जिना चढताना दम लागतो, दम लागतो म्हणून परत पडून राहायचं, हे चक्र कुठेतरी तोडावंच लागतं. नव्वदच्या दशकात जर्मनीत फ्रायबुर्गला फर्नांडो डिमेओ यांनी स्टेम सेल ट्रान्सप्लांट (जोरदार किमोनंतर रक्त बनवणाऱ्या पेशी परत शरीरात सोडणं) झालेल्या पेशंटना ट्रेडमिलवर चालवलं.

पण हाताची भीती काही जात नव्हती. 1996 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला डॉन मॅकेन्झी या स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांनी ब्रेस्ट कॅन्सरमधून गेलेल्या 24 बायकांना घेऊन ड्रॅगन बोट, म्हणजे बऱ्याच जणींनी मिळून चालवायची लांबलचक नाव, वल्हवायला लावली. वल्हवणं म्हणजे हात-खांद्याचं भरपूर काम, म्हणजे नेमकं जे करू नका म्हणायचे तेच. त्या सीझनमध्ये एकीलाही नवीन लिम्फेडेमा झाला नाही. आज अशा टीम कितीतरी देशांत आहेत. नंतर 2009 मध्ये कॅथरिन श्मिट्झ यांनी हात आधीच सुजलेल्या 141 बायकांवर अभ्यास केला, निम्म्या जणींना वर्षभर वेट उचलायला लावलं, हळूहळू वजन वाढवत आणि हाताला प्रेशरची स्लीव्ह घालून. सूज वाढली नाही, उलट ती अचानक बळावण्याचे प्रकार वेट उचलणाऱ्यांत कमी झाले. पुढच्याच वर्षी, 2010 मध्ये, अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या तज्ज्ञांच्या संस्थेने गाइडलाइन काढली आणि तिचा गाभा एवढाच की नुसतं बसून राहू नका. अर्थात हाडात कॅन्सर गेलेला असेल किंवा प्लेटलेट्स फार कमी असतील तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करायचं नाही, हे तेव्हाही होतं, आजही आहे.

आपल्याकडची गोष्ट जरा वेगळी, कारण इथे तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचे कॅन्सर खूप. ऑपरेशन आणि शेक (रेडिएशन) झाल्यावर जबडा आखडतो, दोन बोटं सुद्धा तोंडात जात नाहीत. त्यासाठी आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. मानेतल्या गाठी काढल्या की खांदा पडतो, त्याचे व्यायाम वेगळे. याला कोणी एक्सरसाइज प्रोग्रॅम म्हणत नाही पण आहे तो तोच, आणि भाकरीचा घास तोंडात जाणार की नाही ते त्यावर ठरतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलने ब्रेस्ट कॅन्सरच्या 850 बायकांना घेऊन योगाची मोठी ट्रायल पण केली, ती डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोच्या परिषदेत मांडली गेली.

आणि मग जून 2025. चॅलेंज नावाची ट्रायल, 2009 पासून चाललेली, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात, आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि किमो झालेले 889 पेशंट. व्यायामाच्या ग्रुपमध्ये पाच वर्षांनी कॅन्सर न उलटता जगणारे 80.3 टक्के, दुसऱ्या ग्रुपमध्ये 73.9. आठ वर्षांनी हयात असलेले 90.3 आणि 83.2. तोवर व्यायामाने थकवा कमी होतो, बरं वाटतं एवढंच खात्रीने म्हणता यायचं, आयुष्य वाढतं हे अशा ट्रायलने पहिल्यांदा दाखवलं. व्यायाम तरी काय, बहुतेकांनी आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण-एक तास भरभर चालायचं, बस.

फक्त एक गोष्ट बघा. त्या पेशंटना तीन वर्षं ट्रेनरची साथ होती, पहिले सहा महिने तर दर पंधरा दिवसांनी समोरासमोर भेट. आणि ज्या ग्रुपचे आकडे कमी आले त्यांना काय मिळालं होतं, तर आहार-व्यायामाची माहिती देणारी पुस्तिका. आपल्या लातूरच्या नाहीतर नंदुरबारच्या पेशंटला डिस्चार्जच्या वेळी हातात व्यायामाचा कागद मिळतो, तोही मिळाला तर, आणि पुढची भेट तीन महिन्यांनी.