आषाढात गिटार पांढरी का पडते?

किट मागवून घरीच इलेक्ट्रिक गिटार जोडायचं वेड आता रत्नागिरी-मालवणपर्यंत पोचलंय आणि त्याच्यासोबत एक ठरलेली तक्रारपण, की "दुकानदाराने भेसळीचं लॅकर दिलं, मारल्यावर पाच मिनिटांत बॉडी पांढरीफटक". कोणी म्हणतं लाकूड ओलं असणार. कोणी म्हणतं अमावस्येला रंगकाम काढलंस, मग भोग आता. तर दुकानदार, लाकूड आणि चंद्र, तिघांची निर्दोष सुटका करा, हे काम दवबिंदूचं आहे, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्याचं.

बाकी किट सोपंच असतं. नेक स्क्रूने बसते, पिकअपच्या (तारेच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करणाऱ्या चुंबकी भागाच्या) वायरी सोल्डर करायच्या, ब्रिजची अर्थ वायर विसरायची नाही, नाहीतर 50 हर्ट्झची घूं-घूं ऐकत बसा. खरी गंमत फिनिशमध्ये, म्हणजे लाकडावर मारायच्या लॅकरच्या थरात. आपले पॉलिशवाले ज्याला एनसी म्हणतात ते नायट्रोसेल्युलोज लॅकर 1920 च्या दशकात ड्यूपाँटने 'ड्युको' नावाने गाड्यांसाठी आणलं (गॅरेजवाले अजून ड्युको मारणे म्हणतात ते त्यावरूनच), आणि 1950 च्या दशकातल्या अमेरिकन गिटारींवरही हेच असायचं.

हे लॅकर सुकतं म्हणजे त्यातलं थिनर उडून जातं, बस. उडताना ते उष्णता घेतं पृष्ठभागाकडूनच, नेलपॉलिश रिमूव्हर बोटाला गार लागतं ना, तेच. आता आषाढातली हवा घ्या, 30 अंश आणि आर्द्रता 90 टक्के. या हवेचा दवबिंदू जवळजवळ 28 अंश, म्हणजे बॉडी दोनच अंश गार झाली की फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा तिला घाम फुटणार, आणि तोही ओल्या लॅकरच्या थरावर. नायट्रोसेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते तिथल्या तिथे साक्यासारखं बाहेर पडतं, पाणी नंतर उडालं तरी बारीक पोकळ्या राहतात, आणि लॅकर व हवा यांचा अपवर्तनांक वेगळा असल्याने प्रकाश सगळीकडे विखुरतो. म्हणून पांढरं.

पण मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढे आहे. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, मग थिनर कसं काय इतक्या झपाट्याने उडतं? कारण कोकणची हवा पाण्याने भरलेली असते, थिनरमधल्या अ‍ॅसिटोनने नाही! अ‍ॅसिटोनच्या वाफेचा आंशिक दाब हवेत शून्यच, म्हणजे त्याला मालवण काय नि जैसलमेर काय, दोन्ही सारखेच कोरडे. साधं पाणी उडून पृष्ठभाग कधी दवबिंदूच्या खाली जाऊ शकत नाही, वेट बल्बच्या तापमानाला (थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळल्यावर दिसतं त्याला, ते दवबिंदूच्या वरच असतं) अडतं. अ‍ॅसिटोनला ही अडकाठी नाही, ते खुशाल खाली घेऊन जातं. आणि लवकर सुकावं म्हणून पंखा लावलात तर उडण्याचा वेग वाढून उलट आणखी गार. स्प्रे कॅनमध्ये तर आतला प्रोपेलंटपण (रंग बाहेर ढकलणारा वायू) उडतो, म्हणून कॅन हातात गार पडतो.

उपाय म्हणजे थिनरमध्ये थोडं रिटार्डर घाला. त्यात ब्यूटाइल सेलोसोल्व्हसारखं 171 अंशाला उकळणारं द्रावक असतं (अ‍ॅसिटोन 56 ला), ते सावकाश उडतं आणि लॅकरला शेवटपर्यंत विरघळलेलं ठेवतं. पांढऱ्या पडलेल्या बॉडीवरपण त्याचाच हलका हात मारला की थर परत विरघळतो, अडकलेला ओलावा निघून जातो, पॉलिशपेपर घेऊन सगळं खरवडायची गरज नाही. नाहीतर सरळ दिवाळीनंतरची दुपार गाठा, 32 अंश आणि 50 टक्के असेल तर दवबिंदू 20 च्या आसपास, बारा अंशांची सूट मिळते.

"नायट्रोमुळे लाकूड श्वास घेतं, आवाज खुलतो" असं विकणाऱ्यांना मात्र हसून सोडून द्या. मेलेलं लाकूड श्वास घेत नाही, आणि पिकअप ऐकतो ती चुंबकावर थरथरणारी स्टीलची तार.

आणि हो, कटकट नको म्हणून टू-के पीयूकडे (दोन भाग मिसळून मारायच्या पॉलियुरेथेनकडे) वळणार असाल तर त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट ओलाव्याशी रिअ‍ॅक्शन करून कार्बन डायऑक्साइड सोडतं, म्हणजे पांढऱ्याऐवजी बुडबुडे. वर त्याची वाफ फुप्फुसाला वाईट, साधा कापडी मास्क तिथे चालत नाही.