गुणांतली तफावत की संधीतली तफावत?

अमेरिकेतल्या शाळांविषयी लिहिताना या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते आणि तिचं खापर मुलांवर फुटतं.

गुणांतली तफावत म्हणजे निकालात दिसतं ते. चौथी-आठवीच्या मुलांची ‘नेप’ नावाची देशव्यापी चाचणी होते. तिच्यात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळांच्या) मुलांची सरासरी गोऱ्या मुलांपेक्षा कमी असते. कमी का, हे चाचणी सांगत नाही.

संधीतली तफावत परीक्षेच्या कितीतरी आधी सुरू होते. शिक्षक किती अनुभवी आहेत, शाळेत कॅल्क्युलससारखं वरचं गणित शिकवतात का आणि मुख्य म्हणजे पैसा कुठून येतो? तिथे शाळांचा बराच खर्च स्थानिक मालमत्ता करातून निघतो. तिकडे घर घेणारी मराठी कुटुंबंसुद्धा आधी ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ (शाळांचा कारभार आणि त्यांचा कर ज्याच्या हद्दीत ठरतो तो स्थानिक विभाग) बघतात ती उगाच नाही.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचे १९६०च्या दशकाअखेरचे दोन डिस्ट्रिक्ट घ्या. एजवूडमध्ये बहुतेक मुलं मेक्सिकन-अमेरिकन, अलामो हाइट्समध्ये बहुतेक गोरी. १०० डॉलरच्या मालमत्तेवर एजवूडचे लोक १.०५ डॉलर कर भरत, अलामो हाइट्सचे ०.८५. तरीही स्थानिक करातून एजवूडला दर मुलामागे २६ डॉलर मिळत आणि अलामो हाइट्सला ३३३, कारण घरांच्या किमतींतच जमीन-अस्मानाचं अंतर होतं. राज्य आणि केंद्राचे पैसे धरूनही हिशेब ३५६ विरुद्ध ५९४ असाच राहिला. ‘त्या पालकांना शिक्षणाची कदर नाही’ म्हणणाऱ्यांनी हे करदर जरूर बघावेत. डेमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि एजवूडचे इतर पालक या पद्धतीविरुद्ध कोर्टात गेले. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ते ५ विरुद्ध ४ मतांनी हरले. पुढे १९८९ मध्ये टेक्सासच्याच सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत टेक्सास राज्याच्या स्वतःच्या घटनेविरुद्ध ठरवली.

गुणांतलं अंतर जन्मजात असतं, तर ते हललंच नसतं. पण १९७१ ते १९८८ या काळात कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांमधलं वाचनातलं अंतर बरंच घटलं. शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणारा १९५४ चा ब्राउन निकाल दक्षिणेत खऱ्या अर्थानं लागू झाला, त्यानंतरचीच ही वर्षं.

दुखणं कुठलं मानता, त्यावर इलाज ठरतो. २००२ च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यानं शाळांना वंशनिहाय निकाल जाहीर करायला लावले. त्यामुळे झाकलेलं उघड झालं, ते चांगलंच. पण २०१५ मध्ये तो कायदा बदलेपर्यंत निकाल कमी आले की कारवाई शाळेवर व्हायची, आणि शाळेचा पैसा मात्र आजूबाजूच्या घरांच्या किमतींना बांधलेलाच.