बंद इंजिनाचं विमान किती लांब जातं?

धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीच्या आसपास ज्यांची शेतं आहेत त्यांना हा आवाज पाठ आहे. डोक्यावर शिकाऊ विमानाची घरघर चालू असते, मधेच ती एकदम मंदावते, विमान गुपचूप खाली खाली येत राहतं, आणि बांधावरच्या माणसाच्या काळजाचा ठोका चुकायच्या बेताला पुन्हा घरघर वाढवून वर निघून जातं. शिरपूरकडे आणि जळगावलाही लोकांनी हे पाहिलेलं असेल. हा बिघाड नसतो. शिक्षकाने मुद्दाम थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढलेला असतो आणि विद्यार्थ्याला सांगितलेलं असतं, ‘समज, तुझं इंजिन बंद पडलंय. आता कुठे उतरशील ते दाखव.’

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर फिरलेला एक व्हिडिओ. भर रस्त्यावर गाड्यांच्या मधे एक छोटं विमान उतरतं आणि खाली ओळ असते, ‘देवाने वाचवलं!’ आमच्या गल्लीतल्या आबांनी तो पाहिला आणि निर्वाळा दिला, “इंजिन बंद पडनं का इमान धोंडासारखं खाले पडस. हाई दैवच म्हनानं.” आबांसारखंच बहुतेकांना वाटतं. इंजिन विमानाला वर धरून ठेवतं, ही समजूत इतकी पक्की आहे की शिकलेली माणसंही तीच बाळगून विमानात बसतात.

विमानाला वर धरतात ते पंख. पंखांवरून हवा वाहत राहिली पाहिजे, एवढीच त्यांची अट. सपाट उडताना हवेच्या विरोधाशी झगडून तो वेग टिकवायचं काम इंजिन करतं. इंजिन थांबलं तर वेग दुसरीकडून मिळवावा लागतो, आणि तो उंचीतून मिळतो. लळिंगचा घाट सायकलने उतरताना आपण पाय मारणं थांबवतो, तरी सायकल पळते. तिथे उतार रस्त्याचा असतो, इथे वैमानिक नाक किंचित खाली करून हवेतच स्वतःचा उतार तयार करतो. वजनाचा जो भाग त्या उताराच्या दिशेने ओढतो, तोच इंजिनाच्या जागी काम करतो.

उतार किती लागेल? सेस्ना १७२ हे जगभर प्रशिक्षणासाठी वापरलं जाणारं चार आसनी विमान घेऊ. योग्य वेगाला त्याच्या पंखांची उचल, म्हणजे वर धरणारं बळ, हवेच्या विरोधाच्या साधारण नऊ पट असते. म्हणून ते एक मीटर खाली येताना नऊ मीटर पुढे जातं. जमिनीपासून ९०० मीटरवर इंजिन गेलं, तर वारा नसताना ८ किलोमीटरपर्यंतची कुठलीही जागा त्याच्या आवाक्यात असते. हा जवळपास २०० चौरस किलोमीटरचा मुलूख झाला, आणि खाली यायला चार मिनिटं मिळतात. मोठ्या विमानांचं गणित याहून चांगलं आहे. २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रान्सॅटचं एअरबस ए३३० अटलांटिक महासागरावर इंधन संपून दोन्ही इंजिनांविना उरलं आणि सुमारे १२० किलोमीटर तरंगत जाऊन अझोर बेटांवर उतरलं. विमानातले ३०६ जण वाचले.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. वर मी ‘योग्य वेगाला’ म्हटलं, तो योग्य वेग येतो कुठून? हवेचा विरोध दोन प्रकारचा असतो. पहिला आपल्या ओळखीचा, मोटारसायकलवर छातीवर बसतो तो. वेग दुप्पट केला की तो चौपट होतो. दुसरा फक्त उचलीपायी निर्माण होतो. पंख हवेला खाली ढकलतो म्हणून वर राहतो. वेग कमी असेल तर एका सेकंदात हाताशी येणारी हवाही कमी, मग त्या थोड्या हवेला जास्त जोराने खाली ढकलावं लागतं. त्यासाठी नाक वर उचलावं लागतं, आणि पंखाचं बळ थोडं मागे कलतं. हे मागे कलणं म्हणजे दुसरा विरोध. तो पहिल्याच्या उलट वागतो: वेग अर्धा केला की हा चौपट. एक वाढत जाणारा, एक घटत जाणारा, आणि दोघांची बेरीज एका ठरावीक वेगाला सर्वांत कमी भरते. जिथे दोन्ही विरोध समसमान होतात तोच हा वेग. सेस्नासाठी तो ताशी १२० ते १२५ किलोमीटर आहे. त्याहून सावकाश उडा किंवा जोरात उडा, विमान तितकं लांब जात नाही.

त्यात आणखी एक गंमत अशी की किती लांब जाणार, हे वजनावर अवलंबून नसतं. विमानात एकटा वैमानिक असो की चौघं जण, उताराचा कोन तोच राहतो, कारण तो उचल आणि विरोध यांच्या गुणोत्तरावरून ठरतो. जड विमानाला तो कोन साधायला वेग थोडा जास्त ठेवावा लागतो, म्हणून ते पोहोचतं तितक्याच लांब, फक्त लवकर.

घात होतो तो मनाच्या ओढीमुळे. समोरची मोकळी जागा थोडी दूर वाटते, जमीन वर येताना दिसते, आणि हात आपोआप नाक उचलतो. नाक वर म्हणजे विमान लांब जाईल, असं वाटतं. होतं उलटं: दुसरा विरोध वाढतो, वेग घटतो, आणि पंखाचा हवेशी कोन साधारण १५-१६ अंशांपलीकडे गेला की हवा पंखाच्या वरच्या पाठीला चिकटून वाहणं सोडते. उचल ढासळते. यालाच स्टॉल म्हणतात. ‘विमान स्टॉल झालं’ ही बातमी वाचून इंजिन बंद पडलं असं समजू नये. स्टॉल पंखाचा होतो, इंजिन धडधाकट असतानाही होतो, आणि विमान खरोखर धोंड्यासारखं पडतं ते त्यामुळे. म्हणून शिकाऊ वैमानिकाच्या हातात सर्वांत आधी मुरवलं जातं ते हे: इंजिन गेलं की पहिल्यांदा वेग सांभाळ. मग जागा निवड. त्यानंतर इंधनाची कळ, मिक्श्चर (हवा-इंधनाचं प्रमाण), कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवणारी उष्णता, ठिणगी देणारे मॅग्नेटो तपासून इंजिन पुन्हा लागतं का बघ.

जागा म्हणून रस्ता आकर्षक वाटतो. सपाट, कडक, लांबलचक. २३ जानेवारी २०२० रोजी गाझियाबादजवळ एनसीसीचं एक दोन आसनी विमान द्रुतगती महामार्गावर असंच उतरलं आणि दोघेही सुखरूप राहिले. पण सेस्नाच्या पंखांचा पसारा ११ मीटर असतो आणि आपल्या महामार्गाची एक मार्गिका साडेतीन मीटरची. एका बाजूच्या दोन मार्गिका मिळून सातच मीटर होतात. दिव्याचे खांब, दिशादर्शक फलक, उसाची ट्रॉली, उड्डाणपूल, सगळं त्या पंखांच्या वाटेत. विजेच्या तारा तर वरून दिसतच नाहीत, म्हणून वैमानिकाला तारा नव्हे, खांब शोधायला शिकवतात. ४ एप्रिल १९७७ रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यात गारपिटीने दोन्ही इंजिनं गमावलेलं डीसी-९ प्रवासी विमान गावातल्या रस्त्यावर उतरवावं लागलं. ते रस्त्यापर्यंत पोहोचलं, पण पंख झाडांना नि खांबांना धडकले. विमानातले ६३ आणि जमिनीवरचे ९ जण गेले. २०२१ मध्ये बाडमेरजवळ महामार्गावर वायुदलाचं सी-१३०जे उतरलेलं आपण टीव्हीवर पाहिलं. तो ३ किलोमीटरचा पट्टा मुद्दाम त्यासाठी बांधलेला होता. ते पाहून कुठलाही चौपदरी रस्ता धावपट्टीच आहे, असा जो गाजावाजा होतो तो घातक आहे.

त्यापेक्षा शेत बरं. लहान विमानांची आसनं आणि पट्टे पुढच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या नऊ पट झटका सोसतील, असा जुना दंडक आहे. तेवढ्या झटक्याने ताशी ८० किलोमीटरवरून थांबायला पावणेतीन-तीन मीटर पुरतात, १६० वरून मात्र ११ मीटर लागतात, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. उभं पीक वेग खातं. नांगरलेलं रान असेल तर नांगराच्या तासांना समांतर उतरायचं, आडवं नाही. आपली काळी जमीन पावसाळ्यात चिखल झाली की पुढचं चाक रुततं आणि विमान पालथं होऊ शकतं, तरीही खांबावर पंख आदळण्यापेक्षा ते सोसवतं.

वाऱ्याचा हिशेबही याच वर्गाचा. टेकताना हवेतला वेग ताशी ९० किलोमीटर धरा आणि वारा २०. वाऱ्याला तोंड देऊन उतरलात तर जमिनीवरचा वेग ७०, पाठीवर घेऊन उतरलात तर ११०. ऊर्जा जवळपास अडीच पट! पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिम-नैऋत्येचा. सुरत-नागपूर महामार्ग पूर्व-पश्चिम धावतो, तेव्हा पश्चिमेकडे तोंड केलं तर वारा मदत करेल. धुळ्याहून शिरपूरकडे जाणारा आग्रा रोड उत्तर-दक्षिण, तिथे तोच वारा बाजूने ढकलेल. मे महिन्यात ४५ अंशाला आपली हवा समुद्रसपाटीवरच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १२ टक्के विरळ होते. विमानातला वेगाचा काटा तोच वेग दाखवतो, पण प्रत्यक्ष वेग सहा-सात टक्के जास्त असतो, आणि ऊर्जा १३-१४ टक्के.

हे सगळं चार मिनिटांत करणारा माणूस वाचतो, तेव्हा त्याला चमत्कार म्हटलेलं मला मनापासून खुपतं. कॉकपिटला लिंबू-मिरची बांधून उचल आणि विरोधाचं गुणोत्तर बदलत नाही. ज्या शिक्षकाने त्याच्याकडून हेच पन्नास वेळा करून घेतलं, त्याचं नाव मात्र त्या व्हिडिओत कुठेच नसतं.

आणि असं विमान कधी आपल्या गावाजवळ उतरलंच, तर लोकांनी एक गोष्ट पाळावी: पुढच्या पंख्याला हात लावू नये. या इंजिनांत ठिणगी मॅग्नेटो देतो आणि त्याला बॅटरी लागत नाही. मॅग्नेटोची कळ चालू राहिली असेल किंवा त्याची बंद करणारी तार तुटलेली असेल, तर हाताने थोडा फिरवलेला पंखाही इंजिन सुरू करू शकतो. टाकीत पेट्रोल असतं, म्हणून विडी-सिगारेट दूर ठेवावी. माणसांना बाहेर काढायला मागून या. सेस्नाचे दरवाजे बहुधा उघडेच सापडतील. धडकेत चौकट वाकून अडकू नयेत म्हणून वैमानिक ते टेकण्याआधीच उघडून ठेवतो.